पोत, माळ सारखी तुटतेय? नवा दोरा आणायच्या आधी तुटलेलं टोक बघा

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, घरीच मण्यांची कामं करते. काळी पोत गाठवणं, मोत्यांच्या माळा, मण्यांची विणलेली कानातली, मुलींच्या नाचाचे दागिने असं सगळं. आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "अगं मागच्याच महिन्यात गाठवून घेतली होती, परत गेली". पाडव्याची शोभायात्रा जवळ आली की तर रोज कोणीतरी रुमालात मणी बांधून दारात उभं असतं. मंगळसूत्र असेल तर आपण तुटलं म्हणत पण नाही, वाढलं म्हणतो, आणि बाई येते तेव्हा चेहऱ्यावर काळजी असते, मणी हरवल्याची वेगळी आणि मनातली वेगळी. म्हणून हे नीट लिहायचं ठरवलं, कारण पुन्हा पुन्हा तुटणाऱ्या वस्तूत बहुतेक वेळा दोष दोऱ्याचा नसतोच, दोरा जिथे घासतोय तिथला असतो, आणि तो शोधल्याशिवाय कितीही महागाचा दोरा घातला तरी दोन महिन्यांनी तीच गत.

आधी लक्षणं

दर वेळी त्याच जागी तुटतं, वाटीपाशी नाहीतर मागे कडीपाशी. मण्यामण्यांत फट पडलीय आणि दोरा दिसायला लागलाय. दोरा मण्याच्या तोंडाशी काळपट, केसाळ झालाय. दोरा शाबूत आहे पण गाठच सुटली. माळ गळ्यावर पडत नाही, ताठ उभी राहते, मधेच कोपरा काढते. किंवा तुमचं ओवणं चालू असतानाच सुईच्या नेढ्यापाशी दोरा पिंजून तुटतो. यातलं एक जरी होत असेल तर खालच्या क्रमाने जा. पहिल्या तीन-चार गोष्टींना एक पैसा लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त कामं माझ्याकडे तिथेच संपतात.

पहिलं काम, दोरा फेकू नका

मणी गोळा करताना आपण दोरा कचऱ्यात टाकतो, तेच करू नका. पांढऱ्या कागदावर तुटलेलं टोक ठेवा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. भिंग असेल तर उत्तमच.

टोक ब्रशसारखं पिंजलेलं असेल तर दोरा हळूहळू घासत होता, महिनोन् महिने. टोक सपाट, ब्लेडने कापल्यासारखं असेल तर कुठेतरी धारदार कड आहे. टोक ताणून बारीक झालंय आणि शेवटी गुंडाळी झालीय, तर झटका बसलाय, बाळाने ओढलं किंवा ट्रेनमधे कोणाच्या बॅगेत अडकलं. टोक न तुटता नागमोडी आहे, जिथे गाठ होती तिथल्या घड्या तशाच दिसतायत, तर दोरा तुटलाच नाही, गाठ सुटली. आणि दोन बोटांत धरून हलकं ओढलं तरी दुसरीकडेही पटकन तुटतोय तर दोरा कुजलाय, तिथे शोधाशोध करूच नका, सगळी माळ नव्याने ओवायची.

दुसरं म्हणजे जागा. उरलेले मणी दोऱ्यावर असतील तर मोजून बघा तुटलं कुठे, कडीपासून किती मण्यांवर, आणि ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. दुसऱ्यांदा तिथेच तुटलं की कारण सापडलंच समजा.

सवयी तपासा

ठाण्याची हवा दमट, त्यात घाम, त्यात आंघोळीला पोत गळ्यातच. साधा सुती दोरा सतत ओला राहिला की कुजतो, रेशीम घामाने आणि साबणाने कमजोर होतं, नायलॉन कुजत नाही पण ओलं झाल्यावर थोडं सैल पडतं आणि मण्यांत फट येते. साबण भोकात जाऊन बसतो, त्यात धूळ, आणि ती पेस्ट आतून दोऱ्याला घासत राहते. काळपट केसाळ दोरा दिसला की मी पहिलं हेच विचारते, आंघोळीला काढता का. रोज काढणं सगळ्यांना पटत नाही, मान्य आहे, मग निदान नंतर टॉवेलने नीट टिपून घ्या, ओलं तसंच ब्लाउजखाली ठेवू नका.

मोत्यांना तर अजून जपावं लागतं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आंबट पदार्थ, घाम, परफ्यूम यांनी त्याची झळाळी जाते, आणि भोकाची कड झिजली की ती खरखरीत कड दोरा खाते. म्हणून सेंट, पावडर, स्प्रे आधी आणि मोती सगळ्यात शेवटी. काढल्यावर मऊ फडक्याने पुसायचे. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट यातलं काहीही मोत्याला लावू नका.

लटकवून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा, खिळ्याला टांगलेली माळ रात्रभर स्वतःच्या वजनाने ताणली जाते. डबीत, मऊ कापडावर, गोल ठेवा.

गाठ आणि ढील

टोक नागमोडी निघालं असेल तर इथे थांबा. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकावर एक तीच गाठ, उजवी उजवीवर, ती सरकते. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून, आणि दुसऱ्या वेळी एक वेढा जास्त घ्या, ही गाठ धरून राहते. मग टोकं तिथेच कापायची नाहीत, प्रत्येक टोक सुईत घालून मागे सात-आठ मण्यांतून परत न्यायचं, मधे दोन ठिकाणी दोन मण्यांमधल्या दोऱ्याला अर्धी गाठ मारायची, मग कापायचं. गाठीपाशीच कापलेलं टोक आज ना उद्या सुटणारच.

फेविक्विकचा थेंब टाकू नका. हात जोडून सांगते. तो दोऱ्यात शिरून वाळला की दोरा त्या जागी कडक काडीसारखा होतो, आणि कडक आणि मऊ जिथे भेटतात तिथेच वाकून वाकून तुटतो, माझ्याकडे आलेल्या कितीतरी माळा बरोब्बर गोंदाच्या पुढच्या मण्याला तुटलेल्या होत्या. काही लावायचंच असेल तर पारदर्शक नेलपॉलिश, सुईच्या टोकावर घेऊन, फक्त गाठीला.

ढील हा दुसरा मुद्दा. माळ टेबलावर सरळ ठेवून, मणी एकमेकांना घट्ट भिडवून गाठ मारली की ती गळ्यात वाकते तेव्हा बाहेरच्या बाजूने दोऱ्यावर ताण येतो, म्हणून ताठ उभी राहते, म्हणूनच कोपरे येतात. गाठ मारायच्या आधी माळ हातात गळ्यासारखी गोल धरा, मणी आपसूक थोडे सरकतील, त्या अवस्थेत गाठ मारा. बारीक मण्यांच्या पोतीला साधारण एक-दोन मिलिमीटर ढील पुरते. त्याहून जास्त ठेवली तर उलट मणी मागेपुढे हलून करवतीसारखे घासतात.

कडी, जिच्याकडे कोणी बघत नाही

ही गोष्ट मला खूप उशिरा कळली म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू ठाणे-वाशी लोकलने रोज जायच्या, ऑफिस वाशीला. दोन महिन्यांत तीनदा पोत गेली. सगळे म्हणाले लेडीज डब्यातली गर्दी, ओढाताण, दुसरं काय, मलाही तेच वाटलं, आणि मी दोन्ही वेळा आधीपेक्षा जाड दोरा घालून दिला. तिसऱ्या वेळी त्यांना म्हटलं काकू दोरा पण आणा. त्यांनी डबीतून काढून दिला, आणि टोक बघितलं तर चक्क सपाट कापलेलं, ताणल्याची खूणच नाही. झटक्याने तुटलं असतं तर टोक ओढलं गेलं असतं.

मग हुकाची कडी बोटात धरून तिच्यावरून हळूच नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. कडीचा सांधा, जिथे तारेची दोन टोकं भेटतात, तिथे केसाएवढी फट होती आणि एका टोकाला कापल्याची धार तशीच होती. दोरा फिरत फिरत त्या फटीवर येऊन बसायचा आणि मान हलेल तसा थोडा थोडा कापला जायचा. बारीक दोरा असता तर फटीतून निसटून सरळ बाहेर आला असता. माझा जाड दोरा फक्त जरा जास्त दिवस टिकत होता. सोनाराने त्या सांध्याला टाका मारला, म्हणजे झाळून फट बुजवली, दहा मिनिटांचं काम, आणि मग साध्या दोऱ्यात गाठवलेली तीच पोत काकूंची वर्षभर व्यवस्थित चालली.

तर नखाची ही टेस्ट प्रत्येक कडीवर करा, वाटीच्या कडीवर सुद्धा. इमिटेशनच्या दागिन्यात कडी उघडी असेल तर दोन पकडी घ्या, कडीची टोकं एकमेकांपासून लांब फाकवायची नाहीत, एक पुढे एक मागे अशी पिळायची, आणि बंद करताना तशीच परत आणायची, टोकं भिडल्याचा बारीक टक आवाज येतो. सोन्याची कडी असेल तर पकड लावू नका, सोनं मऊ, व्रण उठतात.

कडीतून दोरा एकदाच न नेता दोनदा न्या. किंवा जरीच्या स्प्रिंगसारखी बारीक फ्रेंच वायर मिळते, दोरा त्यातून ओवून कडीत घातला की धातू दोऱ्याला लागतच नाही.

मण्यांची भोकं

टोक पिंजलेलं असेल, कडी गुळगुळीत असेल, तर मण्यांकडे वळा. एक वाया जाणारा दोऱ्याचा तुकडा घ्या, मण्यातून घाला, आणि मण्याच्या कडेवर तिरका टेकवून वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे ओढा. दोरा पिंजला की तो मणी बाद. सगळे मणी तपासायची गरज नाही, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे चार-चार तपासा, आणि जाती वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक जातीतला एक.

सगळ्यात बदमाश म्हणजे नळीचे मणी, लांबट पाइपसारखे. ते लांब नळीतून कापलेले असतात आणि कापलेलं तोंड काचेच्या तुकड्यासारखंच धारदार राहतं. त्यांच्या दोन्ही तोंडांना एकेक बारीक गोल मणी घाला, दोरा गोल मण्यावरून वळेल, नळीच्या धारेवरून नाही. आजपर्यंत केलेला सगळ्यात स्वस्त इलाज हाच. त्यानंतर नंबर लागतो स्वस्त धातूच्या मण्यांचा, ज्यांच्या भोकाला ड्रिलचा चुरा तसाच असतो, आणि क्रिस्टलचा, कारण पैलू पाडलेल्या काचेची कड तीक्ष्ण असते.

काचेच्या किंवा दगडाच्या मण्याची कड घासायची असेल तर डायमंड लावलेली बारीक कानस मिळते, मणी वाटीभर पाण्यात बुडवून हळू फिरवायची. पाणी यासाठी की मणी तापून तडकत नाही आणि काचेचा चुरा नाकात जात नाही. मोत्यावर हा प्रयोग करू नका. आणि पाच रुपयांच्या मण्यासाठी अर्धा तास घासत बसण्यापेक्षा तो फेकलेला बरा.

अजून एक, भोक मोठं आणि दोरा अगदी बारीक असेल तर मणी दोऱ्यावर डुलतो आणि प्रत्येक हालचालीला कड घासते. दोरा भोकात जवळपास भरून बसला पाहिजे, दुहेरी घातला तरी चालतो. पण कोंबायचा नाही. बारीक काचेच्या मण्यातून सुई जोर लावून ढकलली की मणी फुटतो, आणि तो नेमका विणलेल्या नक्षीच्या मधला असतो. जात नसेल तर एक नंबर बारीक सुई घ्या.

आता दोरा आणि सुई

इथे पैसे लागतात म्हणून शेवटाकडे ठेवलंय. जांभळी नाक्याला किंवा मुंबईत भुलेश्वरला गेलात तर दुकानदार पहिला तंगूस, म्हणजे एकेरी पारदर्शक नायलॉन, पुढे करतो, कारण सुई लागत नाही, झटपट ओवता येतं. तोरणाला, झुंबराला ठीक. रोज गळ्यात घालायच्या वस्तूला नको, तो ताठ असतो, गाठ धरत नाही, आणि उन्हाने काही काळाने ठिसूळ होऊन तुटतो.

काळ्या पोतीला पिळाचा नायलॉन दोरा चांगला, फक्त ओवायच्या आधी हातात धरून दोन-तीनदा सावकाश ताणून घ्या, जेवढा वाढायचा तेवढा आधीच वाढू दे, नाहीतर महिनाभराने फट दिसणारच. मोत्याला रेशीम, प्रत्येक मोत्यानंतर गाठ, कारण मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि तुटलं तरी एकच मोती पडतो, सगळी माळ प्लॅटफॉर्मवर पसरत नाही. रोज घालत असाल तर रेशीम वर्षा-दोन वर्षांनी बदलायचंच, न तुटता बदलायचं. बारीक मण्यांच्या विणकामाला फायरलाइन, मूळचा मासे पकडायचा दोरा, अनेक धाग्यांचा एकजीव केलेला, जवळपास ताणला जात नाही आणि कडेला चांगला टिकतो, 11 नंबरच्या मण्याला 6 पाउंडाचा, म्हणजे तेवढं वजन पेलणारा, पुरतो. दगडाच्या जड मण्यांना गिअर वायर, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक तार, आणि गाठीऐवजी गिअर लॉक, म्हणजे पकडीने दाबून बसवायचा छोटा धातूचा मणी. गिअर वायरला एकदा घडी पडली की तिथे ती जाणारच, सरळ करून वापरू नका, तुकडा बदला.

नंबरांचा घोळ खूप जणींचा होतो. मण्यात आणि सुईत दोन्हीकडे नंबर वाढला की वस्तू बारीक होते. 8 नंबरचा मणी साधारण 3 मिलिमीटर, 11 नंबरचा 2 च्या थोडा वर, 15 नंबरचा दीड. 11 नंबरला 12 ची सुई, 15 नंबरला 13 ची, मोठ्या मण्यांना 10 ची.

ओवताना नेढ्यापाशीच दोरा तुटत असेल तर दोरा लांब घेताय. एवढी माळ आहे म्हणून तीन मीटर दोरा घ्यायचा आणि तो शंभर वेळा मण्यांतून ओढायचा, नेढ्यातला तोच एक इंच प्रत्येक वेळी घासला जातो. एक वाव घ्या, म्हणजे दोन्ही हात पसरून मावेल तेवढा, आणि दर दहा-पंधरा टाक्यांनी सुई थोडी सरकवून घ्या. दोरा पिळ खाऊन गुंता करत असेल तर सुई सोडून लटकू द्या, आपोआप गिरक्या घेऊन सुटतो. मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढला की पिंजत नाही आणि गाठही धरतो, पण मोत्याच्या रेशमाला मेण नको, त्याला धूळ चिकटते. नेढ्यात जात नसेल तर तोंडात घालून ओला करण्यापेक्षा टोक तिरकं कापून दोन नखांत चपटं दाबा, आणि सुई दोऱ्यावर आणा, दोरा सुईकडे नेऊ नका.

सगळं नव्याने ओवायचं असेल तर ताटात जुना टॉवेल पसरून बसा, मणी पळत नाहीत. जुनी माळ कापायच्या आधी फोटो काढा, मणी मोजा, आणि क्रम बदलायचा नसेल तर सेलोटेपवर रांगेत चिकटवून ठेवा. ओवून झाल्यावर लगेच घालू नका, एक रात्र सपाट ठेवा, सकाळी फट पडलेली दिसली तर शेवटची गाठ सोडून पुन्हा मारता येते.

इथे थांबा, पटवेकऱ्याकडे (दागिने दोऱ्यात गाठवून देणारा कारागीर) किंवा सोनाराकडे जा

सोन्याच्या वाटीचं भोक किंवा कडी झिजून कागदासारखी पातळ झाली असेल तर दोरा बदलत बसू नका, एक दिवस वाटीच पडेल. कडीला टाका लागत असेल, पोत दोऱ्याऐवजी सोन्याच्या तारेत गाठवलेली असेल तर ते सोनाराचं काम, तार वाकून वाकून तुटते आणि घरी पिळून जोडली तर शेजारी पुन्हा तुटते. ठुशी घरी उसवायची नाही, तिचं गुंफणं पटवेकऱ्याच्याच हातात आहे. बोरमाळेचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले असतात, पकडीने दाबले की चेपतात आणि परत वर येत नाहीत. नथीचे मोती तारेत असतात, तेही सोनाराकडे. आणि आजीचे बसरा मोती असतील तर सुई सुद्धा घालू नका, त्यांची भोकं जुनी आणि फार बारीक असतात, जोर लावला तर मोती आतून तडकतो, आणि तसा दुसरा आणणार कुठून.

राम मारुती रोड, गोखले रोडला पेढ्या भरपूर आहेत, आपल्या नेहमीच्या सोनाराला विचारा पटवेकरी कोण आणि कुठल्या वारी बसतो. देताना समोर वजन करून घ्या, सोन्याचे मणी मोजून चिठ्ठीवर लिहून घ्या, शक्य असेल तर समोर बसूनच गाठवून घ्या. आणि तो तुटलेला दोरा, तुमच्या मण्यांच्या मोजणीची चिठ्ठी, दोन्ही एका छोट्या पाकिटात घालून बरोबर न्या, चांगला पटवेकरी टोक बोटांत फिरवतो आणि न विचारता सरळ कडीकडे बघतो.